‘प्रेस’ कीं ‘प्रेस्ट’? : इंग्रजी चाकरभरतीच्या शब्दांची चिकित्सा

इंग्रजी दप्तरांतील कागद मराठींत उतरवितांना ‘प्रेस’ हें क्रियापद माणसांसंबंधानें आलेलें दिसलें, कीं तेथें ‘वेठीस धरणें’ हा शब्द घालण्याचा मोह अनावर होतो. हा पर्याय निर्दोष नाहीं. कित्येक ठिकाणीं तर त्यानें कागदाचा अर्थ अगदीं उलटा होतो, हें दाखविण्याचा या टिपणाचा उद्देश आहे. वाद एका शब्दाचा दिसला तरी प्रश्न माणसांचा आहे. अमुक मनुष्य पैसे घेऊन राजीखुशीनें चाकरीस लागला कीं त्यास धरून नेलें, याचा निकाल पुष्कळदां या एकाच शब्दावर ठरतो.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. स्कीट यानें आपल्या इंग्रजी व्युत्पत्तिकोशांत सैन्यभरतीचा ‘प्रेस’ हा दाबणें या अर्थाच्या ‘प्रेस’हून मुळांत निराळा मानला आहे. त्याचें मूळ ‘प्रेस्ट’. जुन्या फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ उसनी अथवा आगाऊ दिलेली रक्कम. त्याच्याहि मागें लॅटिन ‘प्राएस्तारे’ हा धातु आहे. शिपाई किंवा खलाशी चाकरीस ठेवतांना त्याच्या हातावर जो विसार ठेवीत तो ‘प्रेस्ट मनी’. विसार घेतला कीं मनुष्य करारानें बांधला गेला. पुढें ‘राजाचा शिलिंग घेणें’ हा वाक्प्रचार रूढ झाला, त्यांतहि हीच कल्पना आहे. तेव्हां जुन्या कागदांत ‘प्रेस्ट’ केलेले लोक आढळले, तर त्यांस वेठीचे लोक म्हणणें म्हणजे रोख विसार घेणारांस फुकट राबविणें होय.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी वस्तु नालबंदी ही होय. शिलेदारास घोडीं व माणसें सिद्ध करण्यासाठीं सरकारांतून आगाऊ रक्कम मिळे, ती नालबंदी. परंतु साम्य येथेंच संपतें. शिलेदार स्वतःचें घोडें बाळगणारा, सरकाराशीं बोलणें करणारा पक्षकार होता. विसार घेणारा खलाशी एकटा व बहुधा निर्धन. म्हणून ‘प्रेस्ट’ला सरसकट नालबंदी म्हणणेंहि युक्त नाहीं, ‘चाकरीचा विसार’ हाच सरळ शब्द पुरे आहे.

स्कीटचें म्हणणें शब्दापुरतें खरें आहे. पण तेवढ्यावर थांबणें इतिहासकारास परवडणार नाहीं. विसाराचा ‘प्रेस्ट’ उच्चारानें दाबण्याच्या ‘प्रेस’शीं मिसळला आणि शब्दाबरोबर व्यवहारहि पालटला. अठराव्या शतकांत इंग्रजी आरमारासाठीं टोळ्या बंदरोबंदरीं हिंडून दर्यावर्दी लोकांस पकडीत. १७४० च्या कायद्यानें १८ वर्षांच्या आंतील व ५५ वर्षांच्या वरील माणसांस या धरपकडींतून सूट दिली. सूट द्यावी लागली यावरूनच जाच केवढा होता तें कळतें. नेपोलियनशीं चाललेलें युद्ध १८१५ त संपल्यावर हा प्रकार व्यवहारांतून गेला.

हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. आरमारी गलबतांच्या हजिरीपटांत, मनुष्य ‘प्रेस्ट’ आहे किंवा नाहीं, हें लिहिण्यास स्वतंत्र रकाना असे. लेखन जुनें, विसाराचें. अर्थ मात्र नवा, सक्तीचा. उलट, ज्याच्या नांवापुढें स्वयंसेवक अशी खूण आहे तो राजीखुशीनेंच आला असेल असेंहि नाहीं. पकडलेल्या माणसास, आपणहून आलों असें लिहून दे म्हणजे बक्षिसाची रक्कम मिळेल, असें सांगण्याचा परिपाठ होता. सुटका नाहीं असें पाहून अनेकांनीं तें पत्करलें. म्हणजे एका रकान्यांत शब्द सक्ति दाखवीत नाहीं व दुसऱ्यांत खुषी सिद्ध करीत नाहीं.

तथापि या पकडलेल्यांसहि ‘वेठ’ शब्द नीट लागत नाहीं. वेठ म्हणजे संस्कृत ‘विष्टि’. वाकाटक दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटांत दान दिलेल्या गांवास सर्व विष्टींतून मुक्त केल्याचा उल्लेख आहे, आणि पुढें मराठी इनामपत्रांतहि वेठबिगारीची माफी येते. वेठ ही गांवावरील, कामाच्या रूपानें द्यावयाची पट्टी होती. इंग्रज खलाशी पकडलेला असला तरी पगाराचा व शिध्याचा धनी होता. पगार उशिरां मिळे हा भाग वेगळा. त्यास ‘सक्तीनें भरती केलेला’ म्हणावें. मूळ विसाराचा अर्थ हिशेबी भाषेंत मात्र शाबूत राहिला. आपल्या बांधकाम खात्याच्या हिशेबांतील ‘इम्प्रेस्ट’ ही हातीं ठेवावयाची आगाऊ रक्कम त्याच कुळांतील आहे, व तींत जुलमाचा गंधहि नाहीं.

इतर शब्दांविषयीं थोडक्यांत. ‘मस्टर’ याचें मूळ ‘दाखविणें’ असें आहे; हजिरीस उभें करून चेहरे पाहणें हा त्याचा भाव. परंतु वखारींच्या पत्रांत कापडाचें ‘मस्टर’ आलें तर तो नमुना समजावा, फौजेची मोजदाद नव्हे; ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत हा अर्थ पोर्तुगीज ‘मोस्त्रा’वरून दिला आहे. ‘रिक्रूट’ म्हणजे मुळांत पुन्हां वाढलेलें. झडलेल्या सैन्याची नवी वाढ. त्याचाच आपण ‘रंगरूट’ केला. ‘कॉन्स्क्रिप्ट’ म्हणजे पटावर एकत्र लिहिलेला. फ्रान्सांतील १७९८ च्या कायद्यानंतर त्यास सक्तीचा आजचा अर्थ आला. ‘समन्स’च्या मुळाशीं आठवण देणें एवढाच सौम्य अर्थ आहे, कचेरींत तो किती सौम्य राहतो हें सर्वांस ठाऊकच आहे.

तात्पर्य, कै. राजवाडे यांनीं शब्दांवरून व नांवांवरून इतिहास काढण्याचा जो मार्ग घालून दिला तो मोलाचा आहे. पण शब्दाचें मूळ म्हणजे शब्दाचा इतिहास नव्हे. ‘प्रेस’ आढळतांच तीन गोष्टी पाहाव्या : कागद कोणत्या सालचा, माणसाच्या हातीं रक्कम कोणत्या नांवानें पडली, आणि नोंद कोणत्या रकान्यांत आहे. हीं तीन उत्तरें मिळेपर्यंत भाषांतरांत मूळ शब्द तसाच ठेवणें बरें. चुकीच्या पर्यायानें गतकालीन माणसावर नसलेला जुलूम लादला जातो, किंवा झालेला जुलूम पुसला जातो. आणि त्याच्या वतीनें तक्रार करणारा कागद सहसा दुसरा मिळत नाहीं.