जागा शिल्लक ठेवणारा बोर्ड

घरी संगणक जुळवणारा माणूस प्रोसेसरचे नाव अभिमानाने सांगतो, ग्राफिक्स कार्डचे सांगतो, रॅम किती जीबी तेही सांगतो. मदरबोर्ड कोणता, असे विचारले की मात्र त्याला माळ्यावरचे खोके काढावे लागते. खरे तर संगणक पाच-सात वर्षे विनातक्रार चालणार की नाही, हे या बोर्डावरच ठरते. म्हणून एकच बोर्ड समोर ठेवून तो सावकाश वाचू या: एमएसआय कंपनीचा बी४५० टॉमहॉक मॅक्स, साल २०१९. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातल्या नामपूरसारख्या गावात पहिला संगणक स्वतःच्या हाताने बांधायचा असेल, तर भरवसा नेमका कशात असतो हे शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

प्रथमदर्शनी तो साधाच वाटतो. काळा रंग, सजावट बेताची. आकार एटीएक्स, म्हणजे सुमारे ३०५ बाय २४४ मिलिमीटर. हे माप इंटेलने १९९५ साली ठरवून दिले आणि अजूनही तेच चालते. त्यामुळे कुठल्याही दुकानातून आणलेल्या मोठ्या कॅबिनेटमध्ये स्क्रूची भोके बरोबर जुळतात. डोळा खिळतो तो वरच्या डाव्या कोपऱ्यात. प्रोसेसरच्या खाचेला बिलगून अॅल्युमिनियमचे जाडजूड हीटसिंक बसवलेले आहेत आणि त्यांच्याखाली या बोर्डाचे खरे सामर्थ्य आहे.

एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, बोर्डाला १२ व्होल्टचा दाब मिळतो. प्रोसेसरला हवा असतो साधारण सव्वा व्होल्ट, तोही स्थिर. मध्यम दर्जाचा रायझन ५ ३६०० घेतला, तरी पूर्ण भारावर तो ८८ वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. सव्वा व्होल्टच्या हिशेबाने हा प्रवाह ७० अँपिअरच्या घरात जातो. एवढा प्रवाह एकाच भागाला पेलत नाही, म्हणून काम टप्प्यांत वाटून देतात. टॉमहॉकवर चार टप्पे प्रोसेसरच्या गाभ्यासाठी आणि दोन त्याच्या उरलेल्या भागांसाठी आहेत. मॉसफेट नावाचे विजेचे स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात, चोक आणि कपॅसिटर त्या तुटक प्रवाहाला सलग करतात. टप्प्यांची संख्या ऐकून भारावण्यासारखी नाही. पण गाभ्याच्या चारही टप्प्यांत मॉसफेट दुप्पट बसवले आहेत, त्यामुळे प्रत्येकावरचा भार निम्मा होतो. जाहिरातीत न दिसणारी ही गोष्ट मला या बोर्डावरची सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

हीटसिंकचा विचारही त्याच जातीचा आहे. कांद्याच्या चाळीत खालून-बाजूंनी हवा खेळावी म्हणून मुद्दाम फटी सोडतात, माल चार खण कमी मावला तरी चालतो. चांगल्या हीटसिंकलाही तशाच फटी आणि तसेच वस्तुमान लागते. नुसता शोभेचा पत्रा उष्णता धरून बसतो. बागलाणात हा फरक पुस्तकी राहत नाही. बोर्डांच्या चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत, २५ अंशांच्या आसपास होतात. शेजारच्या मालेगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांच्या पुढे जातो आणि मोसम खोऱ्यातली दुपारही फार वेगळी नसते. चाचणीत ८० अंश दाखवणारे मॉसफेट चाळिशीच्या खोलीत ९५ला टेकणार, हे धरूनच चालावे. मॉसफेटची मर्यादा बहुधा सव्वाशे ते दीडशे अंशांच्या दरम्यान असते. ज्या बोर्डाने आधीच अंतर राखले आहे, तो हा उन्हाळा काढतो. जो शहरातल्या गार खोलीतच काठावर चालतो, तो इथे काठ ओलांडतो.

कपॅसिटरकडेही थांबून पाहावे. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेल्या कपॅसिटरांनी जगभरातले असंख्य मदरबोर्ड मारले. डबीचे डोके फुगे आणि तिच्यातून तपकिरी द्रव पाझरे. त्या फटक्यानंतर घन पॉलिमरचे कपॅसिटर सर्वत्र रूढ झाले आणि टॉमहॉकच्या वीजपुरवठ्याच्या भागातही तेच आहेत. ‘१०५ अंशांना ५००० तास’ असे आयुष्य मानलेला पॉलिमर कपॅसिटर ८५ अंशांवर ठेवला, तर ढोबळ नियमाने ५०,००० तास टिकतो, कारण दर २० अंश उतरले की त्याचे आयुष्य दसपट होते. रोज आठ तास धरले तर ही १७ वर्षे झाली. द्रव भरलेल्याचे आयुष्य दर १० अंशांना फक्त दुप्पट होते. तेवढ्याच उतारावर तो २०,००० तासांवर, म्हणजे सात वर्षांच्या आत थांबतो.

आता या बोर्डाच्या नावातल्या ‘मॅक्स’ची गोष्ट. मूळ बी४५० टॉमहॉक २०१८चा. त्याच्या बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीची, चिप १६ एमबीची होती. जुलै २०१९मध्ये एएमडीने रायझन ३००० मालिका आणली, तेव्हा इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती त्या चिपेत मावेना. एमएसआयला जुन्या बोर्डांच्या बायोसचा चित्रमय पडदा साधा करावा लागला, काही सोयी काढून टाकाव्या लागल्या. मॅक्स आवृत्तीत चिप ३२ एमबीची केली. बदल एवढासाच, पण त्याचे मोल पुढच्या वर्षी कळले. मे २०२०मध्ये एएमडीने जाहीर केले की पुढची मालिका बी४५० बोर्डांवर चालणार नाही. कारण दिले बायोसच्या अपुऱ्या जागेचे. ग्राहकांनी आवाज उठवला आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. २०१९मध्ये घेतलेल्या या बोर्डावर २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकतो. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच. फक्त बायोस नवा भरून प्रोसेसर बदलायचा.

मागच्या पट्टीवर, यूएसबीच्या खाचांजवळ, एक लहानसे बटण आहे. पेनड्राइव्हवर बायोसची फाइल ठरवून दिलेल्या नावाने ठेवायची, एसएमपीएस जोडायचा आणि बटण दाबायचे. प्रोसेसर नको, रॅम नको, पडदाही नको. बोर्ड स्वतःचा बायोस स्वतः भरून घेतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेला नवा प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू आला नाही, तर तिथला दुकानदार दुसरा प्रोसेसर लावून काम भागवतो. नामपुरात असा उसना प्रोसेसर कुठून आणायचा? बायोस भरताना मध्येच वीज गेली, तर शहरात सर्व्हिस सेंटर गाठता येते. इथून त्यासाठी अख्खा दिवस मोडतो. या बटणाने ती फेरी वाचते. त्याच्या जोडीला चार बारीक दिवे आहेत: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. संगणक सुरू होत नसेल तर अडलेल्या ठिकाणचा दिवा पेटून राहतो. पहिल्यांदा जुळवणी करणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

उणिवा आहेतच. एम.२ची खाच एकच, नेटवर्क एक गिगाबिटचे, वायफाय नाही, पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीची. पण खर्च कशावर करायचा हे ठरवून केलेली ही काटकसर आहे. टिकाऊपणाला तिने हात लावलेला नाही. आणि एक गोष्ट कुठलाच बोर्ड करू शकत नाही: शेतातल्या मोटारी सुरू-बंद होताना हेलकावणारी घरची वीज तो सुधारत नाही. त्यासाठी चांगला एसएमपीएस, यूपीएस आणि नीट अर्थिंग हवेच.

आज नवा संगणक बांधणाऱ्याने हाच बोर्ड शोधत बसू नये. एएमडीची आताची खाच एएम५ आहे आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही ती चालवू, असे कंपनीने सांगितले आहे. घ्यायचे ते टॉमहॉकचे मोजमाप. हीटसिंक भरीव आहे का, घ्यायच्या प्रोसेसरपेक्षा एक पायरी वरचाही बोर्डाला सहज पेलेल का, प्रोसेसरविना बायोस भरायचे बटण आहे का, कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो, वॉरंटीचा माल जवळ कुठे स्वीकारतात. दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी ही पाच उत्तरे हाती हवीत. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून ते वीज पेलण्याच्या भागावर लावावेत. आज जास्तीची वाटणारी ती क्षमताच पुढच्या उन्हाळ्यात आणि पुढच्या प्रोसेसरच्या वेळी कामाला येते. भरवशाचा बोर्ड तिच्यावरूनच ओळखावा.