लोभाची कथा : जातक, कादंबरी आणि चित्रपट

मनुष्याच्या लोभावर लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या जगातील बहुतेक भाषांत आहेत. त्यांवर चित्रपट निघतात आणि मग पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट, असा वाद सुरू होतो. हा वाद बहुधा अभिनय, छायाचित्रण आणि कथानकातील काटछाट यांपाशीच थांबतो. वस्तुतः लोभाच्या कथेला विचारावयाचा पहिला प्रश्न निराळा आहे. लोभ कोठून उत्पन्न होतो, असे ही कथा सांगते? तो माणसाच्या रक्तात असतो, एखाद्या दुष्टाच्या स्वभावात असतो, की कारणांनी उत्पन्न होतो? ज्या समाजात माणसांचे गुणदोष पिढ्यान् पिढ्या जन्मावरून ठरविले गेले, त्या समाजातील वाचकाला हा प्रश्न केवळ साहित्यिक वाटणार नाही. प्रस्तुत लेखात दोन कादंबऱ्या व त्यांवरील दोन चित्रपट यांचा या दृष्टीने विचार केला आहे. आरंभ मात्र एका जातकापासून करणे इष्ट आहे. कारण त्यांतील एक कादंबरी त्या जातकाच्याच कुळातील आहे.

वेदब्भ जातक

जातकसंग्रहातील ४८ वे जातक 'वेदब्भ जातक' या नावाने ओळखले जाते. ब्रह्मदत्त राजाच्या काळी वाराणसीच्या राज्यात एका गावी एक ब्राह्मण राहत असे. त्याला वेदब्भ नावाचा मंत्र अवगत होता. विशिष्ट नक्षत्रयोग असताना आकाशाकडे पाहून तो मंत्र म्हटला की सात प्रकारच्या रत्नांचा पाऊस पडे. बोधिसत्त्व त्याचा शिष्य होता. दोघे चेतिय राष्ट्राकडे निघाले असता अरण्यात पाचशे 'पेसनक' चोरांनी त्यांना पकडले. पेसनक म्हणजे दोघांपैकी एकाला ओलीस ठेवून दुसऱ्याला खंडणी आणावयास धाडणारे. शिष्य खंडणीसाठी निघाला. काही झाले तरी मंत्राचा प्रयोग करू नका, असे गुरूला बजावून गेला. गुरूने ते मानले नाही. सुटकेसाठी त्याने धनाचा पाऊस पाडला.

पुढे दुसऱ्या पाचशे चोरांनी पहिल्या टोळीला अडविले. पहिल्यांनी ब्राह्मणाकडे बोट दाखविले. पुन्हा तसा योग एका वर्षानंतर येईल, असे ब्राह्मणाने सांगताच दुसऱ्या टोळीने त्याला ठार केले, पहिल्या टोळीला गाठून तिचा संहार केला आणि नंतर आपसांत दोन तट पाडून ती लढली. असे करता करता हजारांतून दोघे उरले. त्यांनी धन एका गावाजवळच्या झाडीत दडविले. एक तलवार घेऊन राखणीस बसला, दुसरा भात शिजवून आणावयास गावात गेला. राखणदाराने परतलेल्या साथीदाराला कापून काढले आणि त्याने आणलेला विषमिश्रित भात खाऊन तोही मेला.

या जातकाच्या रचनेत एक लक्षणीय गोष्ट आहे. जातकातील गाथा तेवढी मूळ पालि तिपिटकात मोडते. गद्यकथा ही अट्ठकथेची आहे. गाथेचा भर साधनावर आहे : अयोग्य उपायाने हित साधू पाहणारा नाश पावतो. जेतवनातील प्रस्तावनेत हीच कथा एका हेकेखोर भिक्षूला उद्देशून सांगितली आहे. तेथे भर उपदेश न मानण्यावर आहे. प्रत्यक्ष गद्यकथेत मात्र सर्व बळ लोभाच्या चित्रणास लाभले आहे. म्हणजे एकाच ग्रंथात, एकाच कथेचे तीन अर्थ झाले. रूपांतराने अर्थ पालटणे ही काही चित्रपटाने आणलेली नवी गोष्ट नव्हे.

ही कथा पुढे अनेक देशांत फिरली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने 'कँटरबरी टेल्स'मध्ये तिचेच एक रूप सांगितले. तेथे हजार चोरांच्या जागी तीन मवाली आहेत. शस्त्र, विष आणि सोने तेच आहे. कथा सांगणारा मात्र चर्चच्या नावाने पापमुक्तीची पत्रे विकून पैसा करणारा मनुष्य आहे. लोभाविरुद्ध प्रवचन करणाराच लोभी, ही चॉसरची भर मार्मिक आहे. लोभाची निंदा कोण करतो आणि ती कोणाच्या हिताची असते, हा प्रश्न तिने कथेत आणला.

सिएरा माद्रेची कादंबरी

बी. ट्रॅव्हन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे' ही कादंबरी प्रथम १९२७ साली जर्मन भाषेत, बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाली. मुद्रण-कामगारांच्या संघटनेने स्थापन केलेल्या पुस्तक-मंडळाने ती काढली. म्हणजे तिचा पहिला वाचक प्रामुख्याने कामगार होता. १९१९ च्या म्युनिकमधील क्रांतीत भाग घेऊन नंतर परागंदा झालेला रेत मारूट हाच ट्रॅव्हन, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९६९ साली मेक्सिकोत त्याचा मृत्यू झाला.

डॉब्ज व कर्टिन हे दोन बेकार अमेरिकन मेक्सिकोतील टॅम्पिको या तेलाच्या बंदरात भटकत असतात. हॉवर्ड नावाचा म्हातारा सोनेशोधक त्यांना भेटतो. तिघे डोंगरात जातात, त्यांना सोने सापडते, संशय वाढतो, आणि शेवटी डॉब्ज लुटारूंच्या हातून मरतो. लुटारूंना सोन्याची भुकटी ओळखू येत नाही; ती माती समजून ते फेकून देतात.

कथानक एवढेच आहे. परंतु ट्रॅव्हन डोंगरावर जाण्याची घाई करीत नाही. प्रथम तो टॅम्पिको दाखवितो : एका जेवणासाठी भीक मागणारा डॉब्ज, स्वस्त खानावळी, कामाच्या शोधात हिंडणारी माणसे, आणि राबवून घेऊन मजुरी बुडविणारा कंत्राटदार. येथे डॉब्ज लोभी नाही. तो भुकेला आहे. भूक आणि लोभ यांत लेखकाने राखलेले हे अंतर फार महत्त्वाचे आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजाने निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या अशी परंपरा सांगितली आहे. ट्रॅव्हनचा टॅम्पिको याच परंपरेच्या आरंभी उभा आहे.

कादंबरीत हॉवर्ड आणि इतर पात्रे मध्येच जुन्या कथा सांगतात. त्या कथांत स्पॅनिश राजवट आहे, चर्च आहे, खाणींत राबविले गेलेले मूळ रहिवासी आहेत. काही समीक्षकांना या कथा कथानकाचा वेग मारणाऱ्या वाटतात. मला त्या कादंबरीचा कणा वाटतात. तिघांच्या हातातील सोन्याला चारशे वर्षांचा इतिहास आहे, हे त्यांवाचून कळत नाही.

ह्यूस्टनचा चित्रपट

जॉन ह्यूस्टन याने या कादंबरीवरून केलेला चित्रपट १९४८ साली प्रदर्शित झाला. डॉब्जची भूमिका हम्फ्री बोगार्टने, कर्टिनची टिम होल्टने आणि हॉवर्डची दिग्दर्शकाचे वडील वॉल्टर ह्यूस्टन यांनी केली. दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि सहायक अभिनेता अशी तीन ऑस्कर पारितोषिके त्याला मिळाली. त्याचे मोठेपण वादातीत आहे.

या चित्रपटाने कारणपरंपरा अगदीच टाकून दिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भीक मागण्याचा प्रसंग त्यात आहे, मजुरी बुडविणारा कंत्राटदारही आहे. सोन्याची किंमत ते न सापडलेल्या असंख्य माणसांच्या श्रमांमुळे ठरते, हे हॉवर्डच्या तोंडचे भाषण कोणत्याही अर्थशास्त्राच्या वर्गात वाचावे असे आहे. तरीही दोन बदल निर्णायक ठरतात. पहिला म्हणजे इतिहास सांगणाऱ्या उपकथा गळाल्या. रेल्वेवरील दरोडा कादंबरीत ऐकीव वृत्तांत म्हणून येतो. चित्रपटात तिघे नायक त्याच गाडीत बसून लुटारूंवर गोळ्या झाडतात. त्यामुळे मेक्सिकोचा सामाजिक संघर्ष पडद्यावर केवळ डाकूंचा हल्ला होतो.

दुसरा बदल अधिक खोल आहे. कादंबरीतील लाको हा चौथा मनुष्य मरत नाही. सोन्याच्या आशेने तो डोंगरावरच मागे राहतो. तिघे निघून गेले तरी शोध संपत नाही, हा त्याचा अर्थ. चित्रपटात त्याच्या जागी कोडी आहे. तो लुटारूंशी लढताना मरतो, त्याच्या खिशात पत्नीचे पत्र सापडते आणि शेवटी कर्टिन त्या विधवेला भेटावयास निघतो. हॉवर्डला गावकऱ्यांत मान मिळतो, कर्टिनला नवे जीवन, आणि लोभाचे सारे ओझे एकट्या डॉब्जच्या माथी येते. बोगार्टचा अभिनय इतका प्रभावी आहे की स्वतःशी बडबडणारा, डोळ्यांत संशय दाटलेला डॉब्ज विसरता येत नाही. पण त्यामुळेच प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो. लोभी तो होता, आपण नव्हे.

नऊ कड्या

येथे दीघनिकायातील महानिदान सुत्ताची आठवण होते. भगवंतांनी आनंदाला सांगितलेली एक साखळी त्यात आहे. तृष्णेमुळे पर्येषणा म्हणजे शोध, शोधामुळे लाभ, लाभामुळे विनिश्चय म्हणजे हे किती व कोणाचे याचा निर्णय, त्यातून छंदराग, आसक्ती, परिग्रह, मात्सर्य आणि आरक्षा म्हणजे राखण. राखणीतून दंड, शस्त्र, कलह, चहाडी आणि असत्य निपजते. डोंगरावरील तिघांचा प्रवास या साखळीशी ताडून पाहावा. सोने एकत्र आहे तोवर मैत्री टिकते. रोज रात्री तराजूवर वाटे पाडून प्रत्येकाने आपला वाटा लपवावयाचा, असे ठरते त्या क्षणी विनिश्चयाची कडी जोडली जाते. मग राखण येते आणि राखणीमागून शस्त्र. ह्यूस्टनने हा तराजूचा प्रसंग अत्यंत संयमाने दाखविला आहे. मधल्या कड्या दाखविण्यात चित्रपट कादंबरीच्याही पुढे जातो, कारण तीन चेहरे एकाच चौकटीत एकमेकांकडे कसे पाहतात, हे शब्दांना तितके साधत नाही. आरंभीच्या कड्या मात्र कॅमेऱ्याच्या हातून निसटतात.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तृष्णात्यागाचे विवेचन करताना याच सुत्ताचा आधार घेतला आहे आणि वर्गसंघर्षाचे हेच यथार्थ विश्लेषण होय, असा निर्वाळा दिला आहे. त्याच ठिकाणी ते बजावतात की, बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलेले नाही. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. लोभाच्या कथांना लावावयाची कसोटी यातून मिळते. जी कथा भुकेल्याच्या भाकरीच्या इच्छेलाही लोभ म्हणते, ती उपदेशाच्या मिषाने अन्यायाची पाठराखण करते.

रक्तातील लोभ

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. फ्रँक नॉरिस याची 'मॅकटीग' ही कादंबरी १८९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्कोतील मॅकटीग हा दंतवैद्य. त्याची पत्नी ट्रिना हिला सोडतीत पाच हजार डॉलर मिळतात. ट्रिनाशी आपला विवाह व्हावयाचा होता, तेव्हा ते धन आपलेच, असे मित्र मार्कसला वाटू लागते. परवान्यावाचून व्यवसाय केल्यामुळे मॅकटीगचा दवाखाना बंद होतो. ट्रिना एक नाणेही सोडत नाही. अखेर तो तिचा खून करतो आणि वाळवंटात, मार्कसच्या प्रेताशी हातकडीने जखडलेला उरतो.

नॉरिसची निरीक्षणशक्ती मोठी आहे, पण त्याची कारणमीमांसा वंशाची आहे. ट्रिनाचा साठविण्याचा ध्यास तिच्या स्विस शेतकरी पूर्वजांच्या रक्तातून आला, असे तो सांगतो. झेरको हा भंगार विकत घेणारा ज्यू तर सोन्याने वेडावलेला, माणूसपण हरपलेला असा रंगविला आहे. युरोप-अमेरिकेत ज्यूंविषयी रूढ असलेल्या द्वेषाचेच हे साहित्यिक रूप होय. ज्याच्या जन्मालाच दोष चिकटविला, त्याच्याबाबत कारण शोधण्याची गरजच उरत नाही. हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. फक्त शब्द निराळे आहेत.

एरिक फॉन स्ट्रोहाइम याने या कादंबरीवर 'ग्रीड' हा मूकपट काढला. तो १९२४ साली प्रदर्शित झाला. कादंबरी पानापानाने पडद्यावर आणण्याचा त्याचा आग्रह होता. पहिली प्रत सुमारे ४२ रिळांची होती. निर्मितिसंस्थेने ती कापून १० रिळांवर आणली आणि कापलेला भाग नष्ट झाला. उरलेली छायाचित्रे जोडून १९९९ साली सुमारे चार तासांची आवृत्ती तयार करण्यात आली. या कापाकापीत झेरकोचे उपकथानकही गेले. ते तत्त्वासाठी नव्हे, लांबीसाठी गेले. तरी परिणाम विचार करण्याजोगा आहे. उरलेल्या चित्रपटात वंशाची टिप्पणी करणारा निवेदक मागे पडतो आणि नाण्यांकडे पाहणारी एक स्त्री, रिकामे होत जाणारे घर व दोन मित्र एवढेच डोळ्यांसमोर राहते. लेखकाने लादलेले कारण दृश्याने गाळून टाकले. पहिल्या उदाहरणात कारणे गळाल्याने हानी झाली. येथे खोटे कारण गळाल्याने लाभ झाला.

म्हणून पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट, याचे एकच उत्तर नाही. साखळीच्या किती कड्या दाखविल्या आणि त्या खऱ्या की कल्पित, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. या कसोटीवर वेदब्भ जातकही तपासावे. हजार माणसे चोर का झाली, हे ते सांगत नाही. ती त्याची मर्यादा. परंतु त्या चोरांचे कुळ वा वंशही ते सांगत नाही आणि चोरांच्या संहाराचे कारण म्हणून जन्माकडे बोट दाखवीत नाही. हे त्याचे मोठेपण.

जातकाचा शेवट दोन प्रेतांपाशी होत नाही. शिष्य खंडणी घेऊन परत येतो. त्याला प्रथम विखुरलेले धन दिसते, नंतर गुरूचे शव, नंतर वाटभर पडलेली प्रेते, आणि शेवटी ते दोघे. परिणामांवरून तो मागे मागे जात काय घडले असावे हे जाणतो. मग ते धन तो टाकून देत नाही. घरी नेऊन दानादी सत्कृत्यांत खर्च करतो. धन दोषी नव्हते. लोभावरील कादंबरी वाचताना वा चित्रपट पाहताना धम्माच्या अभ्यासकाने शेवटच्या प्रेतापाशी थांबू नये. शिष्याप्रमाणे वाट उलट चालत जावी आणि पहिल्या बंधनापर्यंत पोहोचावे.