निजामशाहीची अपुरी नामावळी

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) सुलतानांची नामावळी पुष्कळ ठिकाणीं मलिक अहमदापासून, म्हणजे इ. स. १४९० पासून, आरंभून १६०० मध्यें बहादुरशाहापाशीं संपविलेली आढळते. ही पद्धति सदोष आहे. नगरचा किल्ला मोगलांनीं घेतला व बहादुरशाहा ग्वाल्हेरच्या कैदेंत गेला, हें खरें. परंतु शहर गेल्यानें राज्य बुडालें नाहीं. आमच्या बार्शीच्या पश्चिमेस जवळच असलेल्या परांड्यास त्याच वर्षीं दुसऱ्या मुर्तजास तख्तावर बसविण्यांत आलें. पुढें १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें नगरही परत मिळविलें. शहाजीराजांनीं पुढें केलेला तिसरा मुर्तजा १६३६ मध्यें मोगलांच्या स्वाधीन झाला, तेव्हां हा वंश राज्यावरून गेला.

'बुरहान-इ-मआसिर' हा दरबारी ग्रंथ १५९६ पाशीं थांबतो. परंतु ग्रंथ थांबला म्हणून वंश थांबत नाहीं. मुद्दा केवळ पांडित्याचा नव्हे. दुसऱ्या मुर्तजाच्या नांवाचा एखादा कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं अशा नामावळीच्या भरंवशावर तो बनावट ठरवूं नये. शिक्का, तारीख व हस्ताक्षर तपासावें, आणि मगच निर्णय द्यावा.