दोन हंगामांमधला वाद्यवृंद

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षाला साधारण दोन हंगाम होतात, एक फेब्रुवारीच्या सुमारास आणि दुसरा सप्टेंबरच्या आसपास. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेच्या जमशेद भाभा नाट्यगृहात तेवढ्यापुरती सगळी लगबग असते. कार्यक्रमपत्रिका पाहिली तर वैविध्य भरपूर दिसतं. एका संध्याकाळी चायकोव्हस्की किंवा ब्राम्सची सिम्फनी, दुसऱ्या संध्याकाळी पाहुण्या पियानोवादकाचा कॉन्चेर्तो, कधी पुच्चिनीचा ऑपेरा, मधेच मोजक्या वादकांची चेंबर मैफल. पण हे वैविध्य बहुतांशी युरोपच्या एकाच शतकातलं आहे, आणि पुढच्या हंगामाकडून माझी पहिली अपेक्षा त्यापलीकडे जाण्याची आहे.

आधी श्रेय द्यायला हवं. एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव्ह यांनी 2006मध्ये हा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा पगारी वादकांचा सिम्फनी वाद्यवृंद देशात दुसरा नव्हता. तंतुवाद्यांचा भरदार, एकसंध आवाज ही त्याची खरी ताकद. मात्र त्यामागे कझाकस्तानातून आलेल्या वादकांचं बळ मोठं आहे. हंगामापुरते परदेशी वादक येतात आणि शेवटची मैफल संपली की परततात. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न यांसाठी तयारीचे भारतीय वादक आजही मुश्किलीने मिळतात.

असं का व्हावं? मुंबईला हे संगीत नवं नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी 1935मध्ये इथे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांतून नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांचे स्टुडिओ भरून टाकले. सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या अरेंजरने शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना तंतुवाद्यांची जी भरणी दिली, ती आपल्या कानांत इतकी मुरली आहे की तिला पाश्चात्त्य म्हणावंसंही वाटत नाही. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस तर याही पुढे गेले. रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहून त्यांनी 1958मध्ये झेवियर्स कॉलेजच्या आवारात मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पण अशा प्रयत्नाला कायमचा आधार देणारी संस्था तेव्हा नव्हती. आज ती आहे, म्हणूनच तिच्याकडे मागणं करायचं.

या वाद्यवृंदाने केलेलं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते 'पेशकार'. झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी हा कॉन्चेर्तो लिहून घेतला गेला, 2015मध्ये तो मुंबईत सादर झाला आणि 2019च्या ब्रिटन दौऱ्यातही वाजला. हे काम किती अवघड आहे ते वादकच जाणतो. तबला एका स्वरात मिळवलेला असतो, तर वाद्यवृंदाची रचना मूळ स्वर सतत बदलत पुढे सरकते. तबलजी लय अंगात घेऊन, समेचं भान ठेवून वाजवतो. व्हायोलिनवाले कागदावरच्या मात्रा आणि कंडक्टरची काठी पाहतात. तबलजीने मुक्त वाजवायचं आणि पुन्हा ठरल्या जागी ऐंशी जणांना सोबत घ्यायचं, यासाठी दोन्ही बाजूंना एकमेकांचं ऐकायला शिकावं लागतं. असं ऐकणं एका तालमीत येत नाही. रचना वारंवार वाजली तरच ते येतं.

डिसेंबर 2024मध्ये झाकीरभाई गेले. 'पेशकार' त्यांच्या बोटांबरोबर संपला, असं होऊ देता कामा नये. तरुण तबलजींनी तो बसवावा आणि आपल्या पद्धतीने वाजवावा. बीथोव्हेनच्या बहुतेक पियानो कॉन्चेर्तोंतले एकल भाग सुरुवातीला तो स्वतःच वाजवायचा. नंतर ते इतरांनी वाजवले म्हणून टिकले. आपल्याकडे नव्या रचनेच्या पहिल्या प्रयोगाचा गाजावाजा होतो, दुसरा प्रयोग मात्र कुणाच्या वेळापत्रकात नसतो.

दोन हंगामांच्या मधल्या महिन्यांत काय चालतं, यावर या कलेची प्रकृती ठरते. एनसीपीएतच वाद्यवृंदाची संगीत अकादमी आहे. तिथे लहान मुलं वाद्याबरोबर स्वरलेखन आणि समूहवादनही शिकतात, आणि वाद्यवृंदातले वादकच त्यांना शिकवतात. माझ्या दृष्टीने पाहुण्या कलाकारांच्या यादीपेक्षा हे वर्ग महत्त्वाचे. पण शिकवणी दक्षिण मुंबईत असेल तर डोंबिवलीच्या किंवा विरारच्या मुलाने चेलो पाठीवर घेऊन लोकलने रोज कसं यायचं? पुण्यात आणि पणजीत शाखा निघाल्या, आणि हंगामातली एकेक मैफल तरी तिथे झाली, तर वादकही वाढतील आणि श्रोतेही.

पुढच्या हंगामात प्रत्येक मैफलीत भारतीय रचना असावी, असा माझा हट्ट नाही. ब्राम्स हवाच. पण दर हंगामात एक नवी भारतीय रचना आणि आधी वाजलेली एक पुन्हा, इतकं तरी व्हावं. पुन्हा वाजवण्याची सुरुवात 'पेशकार'पासून करावी. आणि रसिकांनी तिकीट काढताना ओळखीच्या सिम्फनीबरोबर अनोळखी रचनेची संध्याकाळही निवडावी, कारण रिकाम्या खुर्च्या पाहून कुठलीही संस्था दुसरा प्रयोग लावत नाही.