बोलायला वेळ नव्हता

झियाद दुएरीचा ‘द अटॅक’ (२०१२) परवा पुन्हा पाहिला. मूळ कादंबरी यास्मिना खद्रा यांची. तेल अवीवमधला अमीन हा नावाजलेला अरब सर्जन. स्फोटातले जखमी येतात, तो रात्रभर राबतो. त्यातलाच एक जण म्हणतो, हा डॉक्टर नको. मग कळतं, स्फोट घडवणारी अमीनचीच बायको होती, सिहाम.

‘कुर्बान’ने (२००९) अशाच लग्नाचा थ्रिलर केला होता, तिथे नवरा दहशतवादी. इथे पोलीस लवकरच मागे पडतात. उरतो अमीनचा प्रश्न: मला कसं कळलं नाही?

मला वाटतं, उत्तर सुरुवातीलाच आहे. पुरस्कार सोहळ्यात सिहामचा फोन येतो आणि त्याला बोलायला वेळ नसतो. त्याला ज्यांच्यात सामावून जायचं होतं, त्यांच्याकडेच तो बघत राहिला. इथे लॅबमध्ये ‘तू बाकीच्यांसारखा नाहीस’ हे कौतुक म्हणून ऐकलेल्या मला ते बोचलं. अर्थात, आपण इथे आलेलो, तो तिथलाच.

एक तक्रार मात्र आहे. सिहाम दिसते ती बहुतेक त्याच्या आठवणींतून, म्हणून विश्वासघात फक्त त्याचाच झाल्यासारखा वाटतो. आणि स्फोटात मेलेली मुलं? नाब्लुसमध्ये तिला शहीद मानणाऱ्यांना अमीन जाब विचारतो खरा, पण तिथेही तो बायकोबद्दलच विचारत असतो.

चित्रीकरण इस्रायलमध्ये केलं म्हणून लेबनॉनने आपल्याच दिग्दर्शकाच्या या सिनेमावर बंदी घातली.