पुसलेले गोंदण

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या अमरावतीच्या घरातील भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. वर्षाची धूळ झटकायची, काचा ओल्या फडक्याने पुसायच्या आणि धनत्रयोदशीच्या आत ज्याला त्याला आपापल्या खिळ्यावर बसवायचे, असा आमच्याकडचा परिपाठ आहे. गेल्या वर्षी हे काम चालू असताना अकोल्याची आत्या आली होती. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण नजर शाबूत. सतरंजीवर ओळीने मांडलेल्या तसबिरी ती एकेक करून पाहत गेली. एकीपाशी थांबली, वाकून नीट पाहिले आणि मला म्हणाली, "बापू, हे बाई कोन व्हय रे? तुह्या सासरकडची हाय काय?"

मी गप्प झालो. ती तसबीर माझ्या आजीची होती. म्हणजे आत्याच्या सख्ख्या आईची!

आजवर मी नाटकांवर, चित्रपटांवर, चित्रप्रदर्शनांवर बरेवाईट लिहीत आलो. परंतु स्वतःच्या भिंतीवरच्या चित्राचे परीक्षण करावे, असे मला कधी सुचले नव्हते. आत्याच्या त्या एका प्रश्नाने ते काम माझ्या गळ्यात पडले. तेच वाचकांपुढे ठेवतो आहे.

आजीने एकटीने काढून घेतलेला फोटो आमच्याकडे नव्हता. १९७४ साली अकोल्यात घरच्या एका लग्नात सगळ्या गोतावळ्याचा म्हणून जो फोटो निघाला, त्यात मागच्या रांगेत, मांडवाच्या खांबाशेजारी ती उभी आहे. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. काही वर्षांपूर्वी तो फोटो मी एका स्टुडिओत नेऊन दिला आणि "जरा चांगला करून द्या" एवढेच सांगितले. आठ दिवसांनी तसबीर हाती आली, तेव्हा मी चाट पडलो. खांब गेला, मांडव गेला, शेजारच्या बायका गेल्या. आजीच्या अंगावर सुती लुगड्याच्या जागी जरीकाठाची पैठणी आली. गळ्यात दागिने आले. कातडी गव्हाळ, नितळ झाली. आणि पाठीमागे बर्फाची शिखरे! वैशाखात अकोल्याच्या उन्हात जिचा जन्म गेला, ती माझी आजी हिमालयाच्या पायथ्याशी घाम न पुसता उभी होती.

त्या दिवशी मला हसू आले, अभिमानही वाटला, आणि मी ती तसबीर भिंतीवर लावली. कपाळावरची हिरवी रेघ आणि हनुवटीवरचे तीन ठिपके, म्हणजे तिचे गोंदण, त्यात नाही, हे माझ्या लक्षातच आले नाही. आत्याच्या मात्र आले. तिने आपल्या आईला त्या गोंदणावरूनच ओळखले असते.

ही किमया कशी होते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण कारागिरी समजल्याशिवाय तिच्यावर टीका करणे हा अन्याय आहे. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी 'फोटोशॉप' नावाची संगणकप्रणाली रचली, आणि १९९० साली ती बाजारात आली. यांतला जॉन चित्रपटांतली चमत्कारदृश्ये तयार करणाऱ्या संस्थेत काम करणारा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९९४ साली या प्रणालीत 'लेयर' म्हणजे थर आले. एकावर एक काचा ठेवाव्यात, एकीवर चेहरा, दुसरीवर लुगडे, तिसरीवर डोंगर काढावा, आणि वरून पाहणाऱ्याला सारे मिळून एकच चित्र दिसावे, तशी ही योजना. कुठल्या काचेचा किती भाग दिसू द्यायचा, ते ठरवण्यासाठी 'मास्क' असतो. रांगोळीच्या छापातून जेवढी भोके तेवढीच रांगोळी खाली पडते, तसेच ते. २००२ साली एक असा ब्रश आला, की तो डागावरून फिरवला म्हणजे शेजारच्या कातडीचा पोत उचलून डाग बुजवतो. पाण्याने खराब झालेल्या फोटोंना त्याने जीवदान दिले, हे कबूल केले पाहिजे. पण त्या ब्रशाला डाग कोणता आणि गोंदण कोणते, हे कळत नाही. ते हात चालवणाऱ्यालाच कळावे लागते.

आता कोणी म्हणेल, फोटो म्हणजे खरे आणि करामत म्हणजे खोटे, एवढेच तुम्हांला सांगायचे आहे ना? तसे मुळीच नाही. फोटोला हातच लावू नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. हात लावण्याची कला फोटोइतकीच जुनी आहे. १८५८ साली इंग्लंडात हेन्री पीच रॉबिन्सन याने मरणपंथाला लागलेल्या एका मुलीचे चित्र पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह जुळवून केले होते. आपल्याकडचे जुने फोटोग्राफरही निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवीत, आणि फोटो धुऊन झाल्यावर गालांवर हाताने गुलाबी रंग भरीत. संगणकाने ही विद्या शोधली नाही. तिला वेग दिला.

माझ्या घरातच याचा पुरावा आहे. मी लहान असताना वडील आम्हांला बहिरमच्या यात्रेला घेऊन गेले होते. हंडीतले मटण आणि रोडगे खाऊन झाल्यावर आम्ही फोटोवाल्याच्या राहुटीत शिरलो. तिथे कापडावर रंगवलेले एक विमान होते. त्याच्या खिडक्यांच्या जागी भोके, आणि भोकांतून आमची तोंडे. आजीही त्यात आहे. मागच्या खिडकीत, डोक्यावरचा पदर सावरते आहे. तो फोटो आजही आमच्याकडे आहे. आजी कधी विमानात बसली नाही, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते, आणि तरीही त्या फोटोने कोणाला फसवले नाही. विमान खोटे होते, पण विमानात बसल्याचा तिचा आनंद खरा होता.

याच वाटेने थोडे पुढे गेले, की दादासाहेब फाळके भेटतात. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आणण्यापूर्वी हा माणूस फोटोग्राफी करीत होता, छापखान्यात राबला होता आणि जादूचे प्रयोगही शिकला होता. तीच फिल्म पुन्हा मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे दृश्य उमटवायचे, भिंगाचा काही भाग झाकून उरलेला नंतर भरायचा, असल्या युक्त्यांनी त्यांनी देव प्रकट केले आणि अदृश्य केले. आजचे थर आणि मास्क यांचे हेच पूर्वज. पण मला फाळक्यांचा मोठेपणा दुसऱ्याच गोष्टीत दिसतो. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये कृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. चित्रपटाच्या आरंभी ते आधी त्या लहान मुलीला तिच्या स्वतःच्या रूपात दाखवतात. ती वेगवेगळे भाव करून दाखवते. आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. म्हणजे जादूगाराने आधी रिकामी मूठ उघडून दाखवली! चित्रपट कसे तयार होतात, हे सांगणारा एक लघुपटही त्यांनी काढला होता. ज्याला फसवायचे असते, तो असले उद्योग करीत नाही.

प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' मध्ये शेवटी तुकाराम विमानात बसून वैकुंठाला जातात. त्या विमानाची यांत्रिक बाजू आजच्या पोराला कदाचित बाळबोध वाटेल. तरी ते दृश्य मनाला भिडते. कारण विष्णुपंत पागनिसांचा चेहरा त्या करामतीखाली झाकला गेलेला नाही. चमत्कार माणसाभोवती घडतो, माणसावर नाही.

मला वाटते, कसोटी इथेच सापडते. करामत माणसाभोवती काहीही उभे करो, विमान, वैकुंठ की बर्फाची शिखरे. पाहणारा ती समजून घेतो, तिच्याशी खेळतो. पण जी करामत माणसाच्या तोंडावरून हात फिरवते आणि त्याचे आयुष्य पुसून टाकते, ती कला नव्हे. म्हणून आजीच्या मागचा हिमालय मी हसून सोडून देतो. पैठणीही सोडून देतो. नव्हे, तिच्याबद्दल मला त्या स्टुडिओवाल्याचे आभारच मानावेसे वाटतात. जन्मभर जिला मिळाली नाही, ती नातवाने मेल्यावर का होईना नेसवली, यात माया आहे. पण गोंदण तिने लहानपणी कळ सोसून घेतले होते. गोंदण हाच दागिना मेल्यावरही सोबत येतो, अशी तिची श्रद्धा होती. आणि आम्ही तोच काढून घेतला!

घरच्या भिंतीवर जे घडते, तेच चव्हाट्यावरही घडते. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. १८७६ चा जन्म. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात झाडू आणि मातीचे गाडगे घेऊन हा माणूस गावोगाव फिरला. आधी गाव झाडायचे, मग कीर्तन करायचे, आणि कीर्तनात देवभोळेपणावर कोरडे ओढायचे. पायावर कोणी डोके ठेवलेले त्यांना खपत नसे. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. अमरावतीला त्यांची समाधी आहे. त्या बाबांची चित्रे मी हल्ली उत्सवी फलकांवर पाहतो. डोक्यामागे सोनेरी प्रभावळ फिरते आहे, हातातून किरण निघताहेत, चिंध्यांचा वेष धोब्याकडून आल्यासारखा परीटघडीचा झाला आहे, आणि उन्हाने रापलेला चेहरा लोण्यासारखा मऊ. करणाऱ्याची भक्ती खरी असेल, मी शंका घेत नाही. पण ज्याने जन्मभर चमत्कार नाकारला, त्याच्याच डोक्यामागे चमत्कार चिकटवायचा, हे चित्र म्हणून चुकलेले आहे. त्या चेहऱ्याचा रापच त्यांची प्रभावळ होती.

आणि आता तर काम आणखी सोपे झाले आहे. २०२३ पासून याच प्रणालीत नुसते शब्दांत मागणे टाइप करावे, की संगणक रिकाम्या जागी हवे ते चित्र स्वतः भरून देतो. ते तो इतर असंख्य चित्रांवरून शिकलेला असतो. त्याच्याजवळ जगभरच्या चेहऱ्यांचा साठा असेल. माझ्या आजीचा चेहरा मात्र त्या एका लग्नाच्या फोटोतच आहे. उद्या सगळ्यांच्या आज्या एकमेकींच्या बहिणी दिसू लागल्या, तर नवल वाटायला नको.

आत्या गेल्यावर, भाऊबीज उलटली तशी, मी पुन्हा त्या स्टुडिओत गेलो. थोडा रागातच गेलो, हे खरे. त्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, लोकायले माय नाही पाह्यजे, देवी पाह्यजे. तुमीच म्हनले होते, चांगला करून द्या."

मी निरुत्तर झालो. दोष त्याच्या ब्रशाचा नव्हता, माझ्या मागणीचा होता. "चांगला" म्हणजे काय, हे मी त्याला सांगितलेच नव्हते. कारण ते मलाच ठाऊक नव्हते. टीकाकार म्हणवणाऱ्या माणसाला यापेक्षा कडक टीका कोणती?

पण पोरगा खरा कारागीर निघाला. त्याने जुने काम थरांसकट जपून ठेवले होते. पडद्यावर आजी आली. बाजूला थरांची यादी होती, आणि प्रत्येक थरापुढे डोळ्याचे एक लहानसे चिन्ह. तो डोळा मिटला, की तो थर दिसेनासा होतो. त्याने एक डोळा मिटला, शिखरे गेली. "राहू द्या ती," मी म्हणालो. ती परत आली. मग त्याने चेहऱ्यावरच्या थराचा डोळा मिटला, आणि नितळ कातडीखालून सुरकुत्या वर आल्या, कपाळावरची रेघ आली, हनुवटीवरचे तीन ठिपके आले. फिकट, पुसट, पण जागच्या जागी.

यंदा ती नवी तसबीर भिंतीवर आहे. आजी पैठणी नेसून बर्फात उभी आहे, आणि गोंदण कपाळावर आहे. आत्या दिवाळीला येणार आहे. या वेळी मी तिला काही सांगणार नाही. तसबीर नुसती समोर धरणार आहे.