दह्याने भरपाई होते काय?

सावनेरला विज्ञानशिक्षकांशी बोलताना एका बाईंनी विचारले, "प्रतिजैविकांनी मेलेले आतड्यांतले जीवाणू दह्याने परत येतात, असे मुलाने लिहिले तर पूर्ण गुण द्यायचे ना?" पुस्तकाप्रमाणे द्यावेच लागतील. अडचण पुस्तकातच आहे.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख करून देणारे प्रकरण आहे. त्यात प्रोबायोटिक्सवर एक परिच्छेद आहे. प्रतिजैविकांमुळे अन्नमार्गातील उपयुक्त जीवाणूही निकामी होतात आणि प्रोबायोटिक्स त्यांना पुन्हा कार्यक्षम करतात, असा त्याचा आशय. हा विषय शालेय पुस्तकात आला याचे स्वागतच केले पाहिजे. आमच्या वेळी जीवाणू म्हणजे रोगजंतू एवढेच समीकरण होते. पण या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत: प्रतिजैविकांमुळे होणारी हगवण थांबते का, आणि आतड्यांतील मूळची जीवाणूसृष्टी परत येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे 'होय' आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये मुलांवरील ३३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत सहा हजारांहून अधिक मुले होती. प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के मुलांना, तर न घेतलेल्यांपैकी १९ टक्के मुलांना हगवण लागली. हा फरक लहान नाही.

दुसऱ्याचे उत्तर मात्र पुस्तकाला अडचणीत आणणारे आहे. २०१८ मध्येच इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २१ निरोगी स्वयंसेवकांना आठवडाभर प्रतिजैविके दिली. नंतर काहींना तसेच सोडले, काहींना ११ प्रकारच्या जीवाणूंचे प्रोबायोटिक दिले, आणि उरलेल्यांना प्रतिजैविकांपूर्वी साठवलेली त्यांचीच विष्ठा प्रक्रिया करून आतड्यात परत सोडली. (वर्गात हे सांगताना हशा होईल, होऊ द्यावा.) तिसऱ्या गटाची जीवाणूसृष्टी काही दिवसांत सावरली. नुसते सोडून दिलेल्यांनाही आठवड्यांत हिशेब पुष्कळसा जुळवता आला. प्रोबायोटिक घेतलेल्यांत मात्र मूळचे रहिवासी परतायला कित्येक महिने उशीर झाला. नवे आलेले जागा अडवून बसले! प्रयोग लहान होता, त्यावरून प्रोबायोटिक्स वाईट असे म्हणता येणार नाही. पण 'पुन्हा कार्यक्षम करतात' असे ठामपणे छापावे, इतका पुरावाही नाही. आतड्यात शेकडो जातींचे जीवाणू असतात. भारतीयांत प्रेव्होटेला प्रजातीचे प्रमाण मोठे असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या पाहणीत दिसले आहे. पुडीत मिळतात ते मुख्यतः लॅक्टोबॅसिलस व बायफिडोबॅक्टेरियम. जंगल तोडल्यावर चार निलगिरी लावण्यासारखे हे झाले.

अतिसारावर उपचार म्हणून पुस्तकात प्रोबायोटिक्सचा उल्लेख आहे, तोही सैल आहे. साध्या संसर्गजन्य जुलाबांसाठी अमेरिका व कॅनडात मिळून अठराशेंहून अधिक मुलांवर झालेल्या दोन चाचण्यांत (२०१८) काहीच फायदा दिसला नाही. आपल्या मुलांना जुलाबाबद्दल एकच वाक्य शिकवायचे तर ते जलसंजीवनीचे असावे, आणि बहुतेक जुलाबांना प्रतिजैविक लागत नाही, हे त्याच्या जोडीला.

उदाहरणांत किमची आणि कोबीचे सॉरक्रॉट आहे. खाप्याच्या किंवा केळवदच्या मुलाला ते कुठे भेटणार? बरे, आपले पदार्थ घ्यावे तरी जपून. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत, पुरेशा संख्येने घेतलेले आणि लाभ सिद्ध झालेले सूक्ष्मजीव. इडली, ढोकळा, ज्वारीची आंबील हे आंबवलेले पदार्थ खरे, पण शिजवताना त्यांतले जीवाणू मरतात. आंब्याच्या लोणच्यात मीठ आणि तेल घालतो ते जीवाणू वाढू नयेत म्हणून. घरचे दही उत्तम अन्न आहे, मात्र त्यात कोणते जीवाणू किती आहेत हे विरजणावर अवलंबून. म्हणून दही खावे, त्याला औषध म्हणू नये.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. त्याच प्रकरणात प्रतिजैविकांवरचा परिच्छेद बहुतांशी नावांची यादी आहे. पुढे प्रोबायोटिक्स येतात आणि विद्यार्थ्याच्या मनात हिशेब पूर्ण होतो: गोळीने नुकसान, दह्याने भरपाई. सर्दी-पडशाला, म्हणजे विषाणूंच्या आजाराला, दुकानातून प्रतिजैविक आणणाऱ्या घरात हा हिशेब फारच सोयीचा ठरतो. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये प्रतिजैविक आणि लॅक्टिक आम्लाचे जीवाणू घालून विकण्याची प्रथा आहे, तीही याच समजुतीवर पोसलेली. पण प्रत्येक अनावश्यक मात्रेत औषधाला बळी पडणारे जीवाणू मरतात आणि दाद न देणारे वाढतात. दाद न देण्याचे जनुक निरुपद्रवी जीवाणूकडून रोगकारकाकडेही जाते. ते परत घेणारे प्रोबायोटिक कोणी बनवलेले नाही.

कुक्कुटपालनाचा उल्लेख पुस्तकात आहे, तो खुलवायला हवा होता. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी पूर्वी घातले जायचे ते कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या उपायांपैकी एक. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी आणली. प्रोबायोटिक्स तिथे पर्याय म्हणून पुढे आली, ती का, हे मुलांनी समजून घेण्यासारखे आहे.

आणि प्रयोग हवाच असेल तर गोठ्यात चला. कासदाहावर (दगडीवर) कासेत प्रतिजैविक सोडलेल्या गाईचे दूध विरजले तर दही धड लागत नाही, हे दूधवाले जाणतात. असे दूध ठरावीक दिवस विकायचे नसते, प्यायचेही नसते. ते विकले जाते का, आणि कशाला विकतात, हे मुलांना गावात विचारून यायला सांगावे.